मार्कर : हॅम्प्टन कोर्ट ते वॉर्पल रोड

अण्णांच्या पगाराच्या पावतीवर हुद्द्यापुढे एकच शब्द असायचा, मार्कर. शाळेत दरवर्षी वडिलांचा व्यवसाय विचारायचे. मी उभी राहून ‘मार्कर’ म्हणायचे आणि दरवर्षी नव्या बाई विचारायच्या, “म्हणजे गं काय करतात?”

आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या जिमखान्यात अण्णा टेनिसचे मार्कर होते. मार्कर म्हणजे सभासदांबरोबर खेळणारा, त्यांना सराव देणारा पगारी माणूस. पण त्यांचा दिवस खेळापेक्षा बराच मोठा असे. पहाटे मुरमाच्या कोर्टावर पाणी मारायचं, जरा सुकलं की रोलर ओढायचा, दोरी धरून फक्की मारायची, जाळी बांधायची. दुपारी सभासदांच्या रॅकेटांचं गटिंग, म्हणजे तात विणायची. जाळीची मधली उंची ते टेपने कधीच मोजत नसत. एक लाकडी रॅकेट उभी धरायची आणि तिच्यावर दुसऱ्या रॅकेटचं डोकं आडवं ठेवायचं. सत्तावीस इंच अधिक नऊ इंच, झाली छत्तीस इंच, म्हणजे बरोबर 3 फूट. जाळी तिथे टेकली पाहिजे. कडेच्या खांबांपाशी मात्र ती साडेतीन फूट हवी. “मध्ये का कमी?” असं मी लहानपणी विचारलं होतं. “तसंच असतं,” अण्णा म्हणाले.

फक्कीच्या रेघा मारतात, म्हणजे मार्किंग करतात, म्हणून मार्कर, असं मी धरून चालले होते. अण्णाही तसंच सांगायचे. या शब्दाचा खरा अर्थ आणि त्या मधल्या सहा इंचांचं कारण, दोन्ही मला कळलं 58 व्या वर्षी, लंडनजवळच्या एका राजवाड्यात.

माझा मुलगा क्रॉयडनला राहतो. मे महिन्यात त्याच्याकडे गेले होते. तिथून विंबल्डनला ट्राम जाते. मुलाला वाटलं मी आधी विंबल्डनच बघेन, पण मी त्याला म्हटलं, टेनिस जिथून आलं तिथून सुरुवात करू. मग ट्रामने विंबल्डन स्टेशन गाठलं आणि तिथे हॅम्प्टन कोर्टची गाडी धरली. गाडी स्टेशनातून सुटली तशी उजव्या हाताला घरांच्या मागच्या बाजूला एक हिरवं मैदान दिसलं आणि क्षणात मागे गेलं. मी डब्यातून पोळी-भाजी काढत होते, नीट बघितलंही नाही. त्या मैदानाकडे मी पाच दिवसांनी परत आले.

हॅम्प्टन कोर्टची गाडी तिथेच संपते. स्टेशनाबाहेर थेम्स नदीवरचा पूल, आणि पूल ओलांडला की लाल विटांचा राजवाडा. आठव्या हेन्रीचा म्हणून हा वाडा प्रसिद्ध आहे. त्याच्या सहा राण्या, त्याचं प्रचंड स्वयंपाकघर, गर्दी तिकडे असते. मी बागेच्या बाजूने टेनिस कोर्टाकडे गेले. हेन्री तरुणपणी पट्टीचा टेनिस खेळाडू होता आणि या वाड्यात खेळायचा. आज जे कोर्ट उभं आहे ते नंतरचं, पहिल्या चार्ल्सच्या काळातलं, 1620 च्या दशकातलं. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता तेव्हाचं. आणि त्यात आजही रोज खेळ चालतो.

आत शिरल्यावर पहिल्यांदा कळतच नाही की हे टेनिसचं कोर्ट आहे. उंच छपराची मोठी खोली. फरशीचं अंगण साधारण 96 फूट लांब आणि 32 फूट रुंद. चारी बाजूंनी भिंती. त्यातल्या तीन भिंतींना आतून पडवीसारखं उतरतं छप्पर काढलेलं. आपल्या वाड्यातल्या चौकात उभं राहिलं की चहूबाजूंनी पडव्यांचे उतार दिसतात ना, अगदी तसं. पडवीखाली जाळी लावलेल्या खिडक्यांसारखी भोकं. चौथ्या भिंतीला एके ठिकाणी तिरका कोनाडा बाहेर आलेला, त्याला टँबूर म्हणतात. त्याच्यावर चेंडू आपटला की कुठल्या कुठे वळतो. आणि मधोमध जाळी, दोन्ही टोकांना 5 फूट उंच, मध्ये 3 फूट.

मी त्या जाळीकडेच बघत राहिले. झोक्याच्या दोरीसारखी मध्ये खाली आलेली. आमच्या जिमखान्याच्या जाळीचा बाक या बाकाचा पणतू आहे, हे तिथे उभ्या उभ्या कळलं.

दोन सभासदांचा सामना चालू होता, दोघेही साठीच्या पुढचे. सर्व्हिस करणारा चेंडू जाळीवरून मारत नव्हता, डावीकडच्या पडवीच्या छपरावर टाकत होता. चेंडू छपरावरून घरंगळत, टपटप आवाज करत पलीकडे जातो आणि खाली पडतो, मग समोरचा तो मारतो. सर्व्हिस नेहमी एकाच बाजूने. रॅकेट लाकडाची, डोकं किंचित वाकडं, ताटातली पळी एका बाजूला कलल्यासारखं. चेंडू जमिनीवर पडला की जेमतेम उसळायचा, त्यामुळे दोघे गुडघ्यात वाकून खेळत होते.

आणि जाळीपाशी, पडवीच्या खाली, एक माणूस उभा होता. खेळत नव्हता. एकदा एक चेंडू दोन टप्पे पडला. मला वाटलं, गुण गेला. तो माणूस मोठ्याने ओरडला, “चेस, टू अँड थ्री!” गुण कुणालाच मिळाला नाही. खेळ पुढे सुरू झाला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, पुन्हा त्याने काहीतरी पुकारलं, आणि दोघा खेळाडूंनी बाजू बदलल्या.

माझ्या शेजारी क्लबचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. मी विचारलं, हे पुकारणारे कोण? ते म्हणाले, “तो मार्कर आहे.”

मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मग शांतपणे समजावून दिलं. या जुन्या खेळात चेंडू आपल्या बाजूला दोनदा टप्पा पडला म्हणजे गुण लगेच जात नाही. दुसरा टप्पा नेमका कुठे पडला ती जागा लक्षात ठेवायची. त्यासाठी फरशीवर यार्डायार्डावर रेघा आखलेल्या असतात. टू अँड थ्री म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या यार्डाच्या मध्ये. त्या गुणाला म्हणायचं चेस. असे दोन चेस जमले, किंवा गेम जिंकायला एकच गुण उरला असताना एक जमला, की खेळाडू बाजू बदलतात आणि तो राहिलेला गुण पुन्हा खेळतात. आता समोरच्याने आपल्या चेंडूचा दुसरा टप्पा त्या खुणेपेक्षा मागच्या भिंतीच्या जवळ पाडला तर गुण त्याचा, नाहीतर पहिल्याचा.

मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, ही तर उधारी आहे. गुण दिला नाही, बुडवलाही नाही, वहीत मांडून ठेवला, सवडीने चुकता करायचा. आणि ती वही म्हणजे हा माणूस. दुसरा टप्पा कुठे पडला ते डोळ्यांनी टिपायचं, ती खूण पुकारायची, ध्यानात ठेवायची, वेळ आली की काढून द्यायची. खूण करणारा, म्हणून मार्कर. त्याच्याशिवाय हा खेळ होऊच शकत नाही. राजा खेळत असला तरी चेस कुठे पडला हे मार्कर सांगणार.

पुढे या खेळाचं रूप बदललं, चेस गेला, भिंती गेल्या, मार्करचं मूळ कामच उरलं नाही. पण शब्द टिकला. गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यांबरोबर तो जहाजातून आपल्याकडे आला आणि शेवटी अण्णांच्या पगाराच्या पावतीवर येऊन बसला. त्या बाकावर बसून माझे डोळे भरून आले. शेजारच्या गृहस्थांना मी कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी सामना संपेपर्यंत थांबा म्हटलं आणि मला आत नेलं.

आत एका टेबलावर चेंडू बनवायचं काम चालतं. हे चेंडू दुकानात मिळत नाहीत, क्लबचे प्रोफेशनल ते हाताने बनवतात. मधे बुचाचा गाभा. त्याच्यावर कापडाच्या पट्ट्या गच्च गुंडाळायच्या, वरून सुतळीने बांधायचं आणि मग लोकरी फेल्टची दोन कातडी हाताने शिवायची. फेल्ट झिजलं की तेवढंच बदलतात, गाभा तोच राहतो. मला एक अर्धवट शिवलेला चेंडू हातात दिला. आजच्या टेनिसचा चेंडू 56 ते 59.4 ग्रॅमचा असावा लागतो. हा हाताला त्याहून चांगलाच जड लागला, आणि दाबला तर अंगठा आत जाईना. सुईच्या टाक्यांमधलं अंतर इतकं सारखं होतं की मला गोधडी शिवणाऱ्या आमच्या आजीची आठवण झाली.

या चेंडूच्या मागे मोठा इतिहास आहे. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने 1480 मध्ये हुकूम काढला होता की चेंडूत खडू, वाळू, राख, लाकडाचा भुसा असलं काही भरायचं नाही, चांगलं कातडं आणि चांगलीच लोकर वापरायची. म्हणजे कारागीर भेसळ करत असणार आणि खेळणाऱ्यांच्या हाताला लागत असणार. लागणारच, कारण सुरुवातीला रॅकेट नव्हतीच. फ्रान्समध्ये या खेळाचं नाव होतं ‘ज द पोम’, म्हणजे तळहाताचा खेळ. उघड्या हाताने खेळायचे, मग हातमोजा आला, मग फळी, आणि सोळाव्या शतकात तात विणलेली रॅकेट रुळली. अभ्यासक मानतात की खेळाची सुरुवात बाराव्या शतकाच्या सुमारास फ्रान्समधल्या मठांच्या चौकांत झाली. ती पडवी, ते उतरतं छप्पर, त्या खिडक्या, सगळं तिथलंच. पुढे राजेलोकांनी स्वतःसाठी कोर्टं बांधली, पण मठाची पडवी काढली नाही. तिच्यावरून चेंडू घरंगळवण्यात मजा येत होती, तर ती का काढावी?

‘टेनिस’ हा शब्दही बहुधा फ्रेंच ‘तने’वरून आला. सर्व्हिस करताना पुकारायचं, “घ्या!” इंग्रजांनी ती हाक ऐकली आणि खेळालाच ते नाव पडलं.

पंधरा, तीस, चाळीस हे तर मला लहानपणापासून कोडं. एक, दोन, तीन का नाही? घड्याळाच्या चार भागांची गोष्ट सगळे सांगतात, पण खेळातली ही मोजणी ज्या काळापासून आहे त्या काळात मिनिटकाटा असलेली घड्याळं कुठे होती? तेव्हा ते स्पष्टीकरण मला पटत नाही. पक्कं एवढंच की मोजणी फार जुनी आहे आणि चाळीसच्या जागी आधी पंचेचाळीस म्हणत. फ्रान्सचा एक राजपुत्र, ऑर्लिअन्सचा शार्ल, 1415 च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत पकडला गेला आणि 25 वर्षं इंग्लंडमध्ये कैदेत राहिला. तो कवी होता. एका कवितेत तो म्हणतो की मी म्हातारपणाशी पोमचा खेळ खेळतोय आणि आता पंचेचाळीसवर आलोय. तेव्हा त्याचं वय तेवढंच होतं. पंचेचाळीस म्हणजे गेमला एक गुण कमी. परक्या देशात कैदेत बसून आयुष्याचा हिशेब टेनिसच्या गुणांत मांडणाऱ्या त्या माणसाचा मला फार लळा लागला.

राजांच्या गोष्टी तर किती. दहावा लुई 1316 मध्ये व्हॅन्सेनला खेळून दमला, घामाघूम अंगाने गार वाइन प्याला आणि आजारी पडून गेला. आठवा शार्ल 1498 मध्ये अँब्वाजच्या किल्ल्यात टेनिस बघायला निघाला होता, ठेंगण्या दाराची चौकट कपाळाला लागली आणि काही तासांत वारला. पण माझ्या मनातून जात नाही ती स्कॉटलंडच्या पहिल्या जेम्सची गोष्ट. 1437 सालच्या फेब्रुवारीतल्या एका रात्री पर्थमधल्या मठात मारेकरी त्याच्या दालनाशी आले. राजाने जमिनीची फळी उचकटली आणि खालच्या मोरीत उतरला. ती मोरी बाहेर निघत होती, तिथून तो सुटला असता. पण तिचं तोंड काही दिवसांपूर्वी त्यानेच बुजवून घेतलं होतं, कारण टेनिस खेळताना चेंडू त्यात जाऊन हरवत. तिथेच त्याला मारला.

आणि हा फक्त पुरुषांचा खेळ होता असंही नाही. 1427 मध्ये मार्गो नावाची बाई पॅरिसला आली आणि तिने भल्याभल्या पुरुषांना हरवलं, तेही हाताच्या तळव्याने आणि उलट्या हाताने, अशी नोंद त्या काळच्या एका पॅरिसकराच्या रोजनिशीत आहे. फोरहँड आणि बॅकहँड, सहाशे वर्षांपूर्वी.

फ्रेंच राज्यक्रांतीचा एक मोठा क्षणही अशाच कोर्टात घडला. 20 जून 1789 रोजी व्हर्सायमध्ये जनतेच्या प्रतिनिधींना सभागृह बंद मिळालं, तेव्हा ते जवळच्या टेनिस कोर्टात शिरले आणि राज्यघटना होईपर्यंत फुटायचं नाही अशी शपथ घेतली. एकाच जणाने सही नाकारली. त्यानंतर सरदारच राहिले नाहीत, तिथे त्यांचा खेळ कुठून राहणार? फ्रान्समध्ये कोर्टं बंद पडत गेली, कुठे गोदामं झाली, कुठे नाटकाची थिएटरं.

दोन दिवसांनी मी मेरिलबोन स्टेशनावरून लेमिंग्टन स्पा या गावी गेले. मुलाला कामावर जायचं होतं, मी एकटीच. हे औषधी पाण्याच्या झऱ्यांचं जुनं गाव, पांढऱ्या रंगाच्या इमारती, बागा. इथे 1872 मध्ये जगातला पहिला लॉन टेनिस क्लब सुरू झाला. मेजर हॅरी जेम हे वकील आणि त्यांचे मित्र ऑगुरिओ पेरेरा हे बर्मिंगहॅममधले स्पॅनिश व्यापारी. पेरेरांच्या एजबॅस्टनमधल्या घरामागच्या हिरवळीवर हे दोघे 1860 च्या आगेमागे एक नवा खेळ खेळू लागले होते. पुढे दोघेही लेमिंग्टनला आले आणि गावच्या इस्पितळातल्या दोन तरुण डॉक्टरांना घेऊन मॅनर हाउस हॉटेलच्या हिरवळीवर क्लब काढला. त्या इमारतीत आता फ्लॅट आहेत. बाहेर उभी राहून फोटो काढत होते, तर एक बाई पिशव्या घेऊन आल्या आणि दार उघडून आत गेल्या. बाकी तिथे बघायला फार काही नाही.

पण भिंती सोडून खेळ हिरवळीवर आला कसा, याचं उत्तर मला त्या गावात फिरताना उमगलं, कारण तिथल्या प्रत्येक बागेतली हिरवळ कापून गालिच्यासारखी केलेली. तशी हिरवळ पूर्वी कुणाला परवडतच नव्हती, विळ्याने कापावी लागे. 1830 मध्ये एडविन बडिंग याने गवत कापायचं यंत्र काढलं. 1844 मध्ये चार्ल्स गुडइयरने रबर गंधकात शिजवून टिकाऊ करण्याचं पेटंट घेतलं, तेव्हा पोकळ रबरी चेंडू होऊ लागले. कापडाचा चेंडू गवतावर मेल्यासारखा पडतो, हॅम्प्टन कोर्टचा तो जड चेंडू हातात धरला होता म्हणून मला हे लगेच पटलं. रबरी मात्र उसळतो. आणि क्रोके, म्हणजे लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून घालवायचा खेळ, त्याच्या वेडापायी मध्यमवर्गीय घरांमागेही हिरवळी तयारच होत्या. खेळाची सामग्री आधी जमली, खेळ मागून आला.

तो विकला मात्र तिसऱ्याच माणसाने. मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफिल्ड, घोडदळातला निवृत्त अधिकारी. त्याने फेब्रुवारी 1874 मध्ये पेटंट मिळवलं आणि एका लाकडी पेटीत खांब, जाळी, खुंट्या, चार रॅकेटी आणि चेंडू घालून ती 5 गिनींना विकायला काढली. नाव ठेवलं ग्रीक, ‘स्फेअरिस्टिकी’. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही, लॉन टेनिस हेच चाललं. त्याचं कोर्ट डमरूसारखं होतं, दोन्ही टोकांना रुंद आणि जाळीपाशी अरुंद. आणि गुणांची मोजणी? एक ते पंधरा, सरळ. पंधरा-तीस-चाळीस विंगफिल्डने टाकून दिलं होतं. 1875 मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने एकसारखे नियम केले, त्यातही डमरू आणि पंधरापर्यंतची मोजणी कायम राहिली. ते नियम तसेच टिकले असते तर अण्णांनी आम्हाला ‘फॉर्टी-थर्टी’ कधी शिकवलंच नसतं.

त्याच सुमाराला, 1870 च्या दशकात, आपल्या पुण्यातही छावणीतले इंग्रज अधिकारी एका खेळाला नियम बांधत होते. तो बॅडमिंटन. त्याला पूना असंही नाव होतं. हिरवळ, जाळी, रॅकेट, या सगळ्याची त्या पिढीला अशी ओढ होती.

शेवटच्या दिवशी विंबल्डन. आधी चर्च रोडचं मोठं संकुल आणि तिथलं संग्रहालय. 1922 पासून स्पर्धा इथे होते. सेंटर कोर्ट रिकामं असताना बघितलं. त्या हिरव्यागार शांततेत उभं राहिलं की देवळात आल्यासारखं वाटतं, हे मी मनापासून सांगते. आमच्या गाइडने सांगितलं, 2001 पासून इथे पूर्ण रायग्रास जातीचं गवत आहे आणि स्पर्धेत ते 8 मिलिमीटर उंचीवर कापतात. अठरा नंबरच्या कोर्टाबाहेर 2010 मधल्या इस्नर आणि माहू यांच्या सामन्याची पाटी आहे. तीन दिवस, 11 तास 5 मिनिटं, शेवटचा सेट 70-68. त्या पाटीपाशी सगळे फोटो काढत होते.

मी मात्र लीला राव यांना आठवत हिंडत होते. 1934 मध्ये त्या विंबल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्यांची आई पंडिता क्षमा राव, पुण्यात जन्मलेल्या, वेदांचे गाढे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. क्षमाबाई संस्कृतात काव्यं लिहीत आणि टेनिस खेळत. संस्कृत श्लोक रचणारी आई आणि विंबल्डनच्या हिरवळीवर जिंकणारी मुलगी, ही जोडी मराठी घरांत जितकी माहीत असायला हवी तितकी नाही, याचं मला वाईट वाटतं.

अण्णांना मात्र अशा स्पर्धांचा दरवाजा बंद होता. जुन्या नियमाप्रमाणे मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंसाठी असत, म्हणजे खेळातून पैसे न घेणाऱ्यांसाठी. विंबल्डनमध्ये हा नियम 1968 पर्यंत होता. मार्कर पगारी, म्हणून तो हौशी नाही. ज्यांना अण्णांनी बॅकहँड शिकवला ते जिल्ह्याचे करंडक न्यायचे आणि अण्णा खाली उभे राहून टाळ्या वाजवायचे. जिमखान्यात त्यांना पुढच्या फाटकातून येऊ देत नसत, रॅकेटी घेऊन मागच्या दाराने यावं लागे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मी आज करते.

चर्च रोडवरून मी आणि मुलगा चालत स्टेशनाच्या बाजूला आलो आणि वॉर्पल रोडला वळलो. संग्रहालयात कळलं होतं की पहिली स्पर्धा चर्च रोडवर झालीच नाही. ऑल इंग्लंड क्रोके क्लब 1868 मध्ये स्थापन झाला, त्याचं मैदान वॉर्पल रोडजवळ होतं. 1875 मध्ये तिथे लॉन टेनिसला जागा मिळाली, ती हेन्री जोन्स या डॉक्टरांच्या सांगण्यावरून. 1877 मध्ये क्लबने स्पर्धा जाहीर केली. क्लबचा घोड्याने ओढायचा रोलर दुरुस्त करायला पैसे हवे होते, म्हणून ही स्पर्धा घेतली असं सांगतात.

नियमांसाठी तिघांची समिती बसली. हेन्री जोन्स, सी. जी. हीथकोट आणि ज्युलिअन मार्शल. मार्शल जुन्या, भिंतींच्या टेनिसचा अभ्यासक. या तिघांनी डमरू काढून चौकोनी कोर्ट केलं, 78 फूट लांब आणि 27 फूट रुंद. आजही फक्की तेवढ्याच मापाने पडते. आणि पंधरापर्यंतची मोजणी काढून जुनं पंधरा-तीस-चाळीस परत आणलं. जाळीही त्यांनी जुन्या कोर्टासारखीच घेतली, खांबांपाशी 5 फूट, मध्ये सव्वातीन फूट. पुढच्या काही वर्षांत ती उतरत आजच्या मापावर आली, पण मधला बाक राहिला. लहानपणी अण्णांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. जाळी मध्ये खाली असते, कारण राजवाड्यात ती मध्ये खाली असायची.

22 जणांनी नावं दिली. मध्ये इटन आणि हॅरो या शाळांचा क्रिकेट सामना आला म्हणून स्पर्धा थांबली, मग पावसाने थांबली. 19 जुलैला अंतिम सामना झाला, साधारण 200 लोक प्रत्येकी एक शिलिंग देऊन बघायला आले. स्पेन्सर गोर 6-1, 6-2, 6-4 असा जिंकला. तो जाळीपाशी धावत येऊन चेंडू टप्पा पडायच्या आत मारायचा. पुढच्या वर्षी सिलोनमधल्या मळ्यावरून रजेवर आलेल्या फ्रँक हॅडोने त्याच्या डोक्यावरून चेंडू उंच टाकून त्याला हरवलं, आणि तो सिलोनला परत गेला. बायकांची स्पर्धा 1884 पासून, पहिली विजेती मॉड वॉटसन.

वॉर्पल रोडवरून एका गल्लीत वळलो आणि समोर फाटक. आत मैदान, त्याच्या पलीकडे रेल्वेचे रूळ. पाच दिवसांपूर्वी गाडीतून उजव्या हाताला दिसलं ते हेच मैदान होतं. आता ते मुलींच्या शाळेचं क्रीडांगण आहे. शाळेच्या मुली खेळत होत्या. फाटक बंद, म्हणून आम्ही कठड्याबाहेरच उभे राहिलो. ट्रेन गेली की बोलणं ऐकू येत नव्हतं.

मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे रात्र झाली होती, पण ते जागे होते. 84 वर्षांचे आहेत, ऐकायला जरा कमी येतं. मी फोन मैदानाकडे फिरवला आणि सांगितलं, अण्णा, पहिलं विंबल्डन इथे झालं. त्यांना चेस सांगितला, उधारी सांगितली, मार्कर म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग विचारलं, “रोलर दिसतोय का कुठे?”

नाही, म्हटलं. पण रोलर दुरुस्त करायलाच स्पर्धा घेतली म्हणतात, आणि तो घोडा ओढायचा.

“घोडा? मग खुरांनी जमीन उकरणार की.”

मी सांगितलं, हिरवळीवर खुणा पडू नयेत म्हणून घोड्याच्या पायांना तेव्हा चामड्याचे बूट घालत.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आम्ही तिघं ओढायचो. पाणी मारलेलं असायचं ना, म्हणून चपला बाहेर काढून.”